आमाच्या खांद्यामागचं स्टूल

आमाचं गाणं संपत आलं तशी तिनं मान न वळवता चिपळ्यांचा हात डाव्या खांद्यावरून मागे नेला, आणि चिपळ्या बीहोंगच्या डोक्यावरून पलीकडे तान-कूच्या हातात गेल्या.

डोक्यावरून म्हणजे अक्षरशः डोक्यावरून. बीहोंग आमाच्या पाठीशी एका बुटक्या स्टुलावर बसली होती, मांडीवर चहाची किटली घेऊन. चिपळ्या जाताना तिनं मान थोडी खाली केली, नेहमीची सवय असावी तशी. साथीचा पिपा, म्हणजे तिकडची वीणा, क्षणभरही थांबला नाही. आमा उठली, जाडजूड तान-कू लगबगीनं मधल्या खुर्चीत येऊन बसली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

"हिला का नाही दिल्या?" मी शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चप्पल घालून देवघरात शिरलोय.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. कराडजवळच्या आमच्या दगड कापण्याच्या कारखान्यानं चीनहून मोठ्या करवती घेतल्या आणि त्या दुरुस्त करायला शिकून ये म्हणून मला फुज्येन प्रांतातल्या छ्वेनचौ शहरात पाठवलं. दिवसभर कानठळ्या बसवणारा कारखाना, आणि राहायला लिम आपेहच्या घरातली माडीवरची खोली. 'आपेह' म्हणजे आपले मोठे काका. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पुढचे दोनच दात शिल्लक, आणि ते दाखवायची भारी हौस. त्यांची बायको ती आमा. आमा म्हणजे आजी. गल्लीतली सगळी पोरंसोरं तिला आमाच म्हणत आणि सगळी तिला टरकून असत. सून बीहोंग खालच्या मजल्यावर शेवयांच्या पेजेचं दुकान चालवायची. तिला मी 'सो' म्हणे. अर्थ सरळ आहे, वहिनी.

हे घर गाण्याचं होतं. तिथल्या त्या जुन्या संगीताला नानयिन म्हणतात. किती जुनं ते विचारलं की आपेह नुसता हात मागे उडवायचे, जणू हजार वर्षं म्हणजे मागची गल्ली. मांडीवर आडवा धरलेला पिपा, एक उभी बासरी, दोन तंतुवाद्यं, आणि मध्ये गाणारी. तिच्या हातात पाच लाकडी पट्ट्या एकत्र ओवलेलं एक वाद्य. त्याचं तिकडचं नाव माझ्या तोंडात कधी नीट बसलं नाही, म्हणून मी त्याला चिपळ्याच म्हणत आलो. ताल गाणारीनंच धरायचा आणि गाणंही तिनंच म्हणायचं.

पहिले काही दिवस मला ते संगीत म्हणजे छळ वाटला. एक अक्षर घ्यायचं आणि ते इतकं ओढायचं की मध्ये माणसानं अंघोळ करून यावं. पण एका रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून जिन्यात बसून ऐकलं, आणि काय झालं कोण जाणे, जेवायचं विसरलो. ते अक्षर ओढत नव्हते, उलगडत होते. आमाचा आवाज म्हातारा होता, थोडा खरखरीत, पण सुरावरून केसभरही ढळायचा नाही. त्या बाईच्या गळ्याला मी त्या दिवशी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला, आणि मग आपेहच्या नानयिन मंडळाच्या प्रत्येक बैठकीला जाऊन भिंतीशी बसू लागलो.

मंडळाचे नियम कडक. वादन एकदा सुरू झालं की शेवटचं वादन संपेपर्यंत सूर तुटता कामा नये. एकीचं गाणं संपलं की तिनं चिपळ्या दुसरीच्या हातात द्यायच्या, तीही वाद्यं चालू असतानाच. ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं. टाळ्या नाहीत, माना डोलावणं नाही. चहासुद्धा बीहोंग अशी ओतायची की धार ऐकू येऊ नये.

आणि चिपळ्या काही केल्या तिच्याकडे येत नव्हत्या.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात बसलो होतो. इतरांच्या पेजेत ती नाही नाही ते अवयव टाकायची. माझ्यासाठी नुसत्या शेवया आणि वर तळलेला कांदा.

"सो, तुम्हाला गाता येतं ना?" मी विचारलं. माझं चिनी मोडकं होतं, पण भोचकपणा करण्यापुरतं पुरायचं.

"कोण म्हणालं?"

"कांदा चिरताना गुणगुणता ते ऐकू येतं वर."

ती हसली, मग हसू पुसून टाकल्यासारखी गंभीर झाली. "कोळ्याची पोर मी. लग्न होऊन आले तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी आमानं सांगितलं, बैठकीला यायचं, त्या स्टुलावर बसायचं, चहा बघायचा. मला वाटलं, पुढे शिकवतील. अजून चहाच बघतेय."

"शिकवलंच नाही?"

"सगळ्यांना शिकवतात. तान-कूला घरी बोलावून शिकवतात. मला म्हणतात, किटली रिकामी झालीय का बघ." तिनं पातेल्यात डाव जरा जोरातच फिरवला. "ऐकून ऐकून सगळी पाठ झालीत, श्री. ते लांबलचक गाणंसुद्धा. पण पाठ असून काय करायचं? चिपळ्या हातात दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा नियम."

लांबलचक गाणं म्हणजे आमाचं खास गाणं. नवरा गलबतावर गेलाय, आणि बायको उंबऱ्यात उभी राहून दार लावू की उघडं ठेवू याचा विचार करतेय. झालं, एवढंच. पण तेवढ्याला पाऊण तास, आणि दार लावलं की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. ते पुरतं येणारी आता मंडळात आमाच एकटी होती, आणि तिची छाती दम्यानं पोखरलेली. डॉक्टरांनी गायची बंदी केली होती. आमानं डॉक्टरांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"शरदातल्या पूजेला ती तेच गाणार आहे," बीहोंग म्हणाली. "हट्टच आहे. गेलेल्या सगळ्या गुरूंच्या तसबिरींपुढे. आणि तिथं मध्येच दम लागला तर?"

"मग?"

"सूर तुटेल. मंडळात आजवर पूजेला सूर तुटलेला नाही. आमा जिवंतपणी मरेल." तिनं पातेल्याखालची आच कमी केली. "आणि मी तरी किती थांबू? नवरा शामेनच्या बंदरात कामाला. दर महिन्याला फोन करतो, ये म्हणून. मी त्याला सांगितलंय. या पूजेलाही चिपळ्या डोक्यावरून गेल्या, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरते."

मला त्या म्हातारीचा असा राग आला म्हणता! गळा देवाचा आणि मन इतकं कोतं? आमच्या गावातही अशा सासवा पाहिल्या होत्या, पण त्यांना निदान गाता तरी येत नव्हतं.

माझा स्वभाव पडला तडकाफडकी. संध्याकाळी थेट आपेहसमोर जाऊन बसलो. ते मऊ फडक्यानं पिपा पुसत होते.

"आपेह, तुमच्या सुनेला चिपळ्या का मिळत नाहीत?"

"मी कुठं देतो चिपळ्या? मी पिपा वाजवतो. चिपळ्या गाणारी गाणारीला देते."

"पण तुम्ही मंडळाचे प्रमुख आहात!"

"मंडळाचा आहे," आपेहनी दोन्ही दात दाखवले. "आमाचा नाही."

"हसण्यावारी नेऊ नका. इतकी वर्षं माणसाला चहा ओतायला बसवायचं म्हणजे अपमान आहे."

आपेहनी फडकं खाली ठेवलं. "तुमच्या कारखान्यात नवा माणूस आला की त्याला काय शिकवतोस?"

"आवाज ओळखायला. पातं बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो कळला पाहिजे."

"आणि त्यासाठी उभा कुठं करतोस त्याला?"

"पात्याच्या अगदी जवळ."

"हं," आपेह म्हणाले आणि पुन्हा पिपा पुसायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं विषय बदलला. बायकोपुढे बोलायची टाप नाही, दुसरं काय.

पूजेचा दिवस उजाडला. मंडळाच्या लाल विटांच्या दालनात दुपारी उन्हाची तिरीप येत होती. समोर मंडळाच्या दैवताचं चित्र, राजाच्या वेषातलं. त्याच्या खाली गेलेल्या गुरूंच्या तसबिरी, पपनसं, तांबड्या पिठाचे गोड वडे, उदबत्त्यांचा धूर. माणसं जागा मिळेल तिथं उभी. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या भिंतीशी बसलेला, आमा आणि तिच्या मागचं स्टूल दोन्ही दिसतील असा. बीहोंगनं निळा नवा कुडता घातला होता, पण मांडीवर किटली तीच.

आपेहनी पिपाला हात घातला. वादन झालं. दोन-तीन जणींची गाणी झाली. चिपळ्या हातातून हातात जात राहिल्या आणि आमाकडे आल्या. आमा खुर्चीत बसली, पाठ ताठ केली, आणि लांबलचक गाणं सुरू झालं.

काय गायली ती बाई! मिरजेला मामाकडे असताना मी मोठमोठ्या बैठका ऐकलेल्या, पहाटेपर्यंत जागलेला माणूस मी. पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं भरून सांगणारं गाणं मी ऐकलं नव्हतं. कुठं घाई नाही, कुठं दाखवणं नाही. त्या गाण्याचा ताल इतका संथ की चिपळ्यांचा एक आघात झाला की दुसरा कधी येईल याची वाटच पाहत राहावं. आणि तो यायचा तेव्हा नेमका तिथंच यायचा. मला गाण्याची बोली कळत नव्हती, तरी ती उंबऱ्यातली बाई मला दिसायला लागली. दाराच्या कडीवर ठेवलेला तिचा हात दिसायला लागला.

अर्धं गाणं झालं असेल. मला आमाचे खांदे दिसत होते. ते हळूहळू वर चढायला लागले. गळ्याच्या शिरा तटतटल्या. सूर अजून जागेवर होता, पण खालून आधार निघून चालला होता. आपेहची नजर पिपावरून उठून तिच्याकडे गेली. बासरीवाल्यानं भुवया आवळल्या. तान-कूनं साडेसातीत सापडल्यासारखा चेहरा केला आणि डोळे मिटून घेतले.  आता तुटणार. इतक्या वर्षांचं न तुटलेलं, त्या सगळ्या तसबिरींसमोर तुटणार, आणि ही म्हातारी खुर्चीतच मोडून पडणार.

चिपळ्यांचा आघात झाला. आणि पुढच्या आघाताआधीच्या त्या लांबलचक मोकळ्या जागेत आमानं, गात गातच, मान न वळवता, हात डाव्या खांद्यावरून मागे नेला.

गाण्याच्या मध्यावर! असं कधी कुणी करत नाही. गाणं संपल्यावरच चिपळ्या द्यायच्या. तान-कूचे तर डोळेच मिटलेले.

पण हात तान-कूपर्यंत गेला नाही. तो स्टुलाशीच थांबला.

बीहोंगनं किटली केव्हा खाली ठेवली मला कळलं नाही. तिनं चिपळ्या घेतल्या. आमाचं ते अक्षर अजून चालू होतं, विरत विरत, धागा उरावा इतकं बारीक झालं होतं, आणि त्याच अक्षराखाली, त्याच सुरावर, दुसरा आवाज आधीच येऊन उभा होता. आमा कुठं संपली आणि बीहोंग कुठं सुरू झाली, हे मी डोळ्यांनी पाहत असूनही सांगू शकत नाही. मग आघाताची वेळ आली, आणि बीहोंगच्या हातून तो नेमका जिथं पडायचा तिथं पडला.

"वा!"

सगळ्या दालनात तो शब्द दणकला. कोण गाढव ओरडलं म्हणून मी वळून पाहिलं, तर सगळे माझ्याकडेच पाहत होते.

मेल्याहून मेलं झालं. शेजारचा म्हातारा माझ्यापासून सरकून बसला. तान-कूचे डोळे आता सताड उघडे, आणि रोखलेले माझ्यावर. मला वाटलं, आमा वाचली आणि माझ्या तोंडानं सूर तुटला. इतकी वर्षं थांबलेल्या त्या बाईच्या पहिल्याच सुरावर मी दगड घातला.

पण बीहोंग हलली नाही. कोळ्याची पोर ती, लाटांना काय भिणार? ती गात राहिली. आमा जागेवरून उठली आणि एका हातानं तिला खुर्चीत बसवलं. गाणं तसंच पुढे गेलं. बीहोंगचा आवाज भरदार होता, आमाइतका घासलेला नव्हता, पण गाणं तेच होतं, श्वाससुद्धा तिथंच घेतले जात होते. त्या बाईनं दार लावलं की नाही, ते याही खेपेला कळलं नाही. शेवटचं वादन झालं. वाद्यं थांबली. सूर तुटलेला नव्हता.

उदबत्त्या संपत आल्या होत्या. मी भिंतीभिंतीनं दाराकडे सरकत होतो, एवढ्यात आमाचा घोगरा आवाज आला.

"त्या हिंदुस्थानी माणसाला इकडे आणा."

आमाला फक्त तिथली मिन्नान बोली येई, म्हणून बीहोंग दुभाषी होऊन शेजारी उभी राहिली. चिपळ्या तिनं अजून छातीशी धरलेल्या. आमा कुठं बसली होती ते मी आता पाहिलं. ती त्या बुटक्या स्टुलावर बसली होती, धापा टाकत.

"तू काय ओरडलास?"

"माफ करा, आमा. आमच्याकडे गाण्यात असं काही झालं की ते तोंडातून आपोआप निघतं. गप्प बसलं तर गाणाऱ्याला वाईट वाटतं."

"म्हणजे अर्थ काय त्याचा?"

आता 'वा'चा अर्थ काय सांगायचा? "म्हणजे... माझ्या मनात होतं त्याहूनही चांगलं झालं."

आमानं मान हलवली. "आमच्याकडे असं म्हणत नाहीत. ऐकतात आणि घरी जातात."

मी हात जोडून मागे सरकलो. पण बीहोंग एवढ्या वर्षांत प्रथमच सासूला तोंडावर विचारायला धजली. ती मिन्नान बोलीतच बोलली, आणि मागून आपेह मला अर्थ हळूच सांगत गेले.

"आमा, तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. इतकी वर्षं सगळ्यांच्या हातात चिपळ्या दिल्यात, माझ्या डोक्यावरून नेऊन. आणि आज दिल्यात, त्याही गाण्याच्या मध्येच. का?"

आमाला धाप लागली होती, म्हणून तिचं उत्तर तुटक तुटक आलं.

"गाणं संपल्यावर चिपळ्या कुणालाही देता येतात. दुसरीनं यायचं, आपलं गाणं म्हणायचं. त्यात काय अवघड? पण माझी छाती कधीतरी मध्येच मला सोडून जाणार, हे मला दम्याच्या पहिल्या दिवशीच कळलं. तेव्हा मला मधूनच घेणारी हवी होती. म्हणून तुला इथं बसवलं." तिनं स्टुलावर हात आपटला. "समोर बसलेल्यांना गाणं ऐकू येतं. माझा श्वास फक्त इथं ऐकू येतो."

आपेह पिपा कुशीत घेऊन मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन दात दाखवले. पात्याच्या अगदी जवळ. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग सांगायचं तरी!" बीहोंगनं चिपळ्या छातीशी आणखी घट्ट धरल्या. "मी उद्या बॅग भरणार होते."

"सांगितलं असतं तर तू श्वास मोजत बसली असतीस. मोजून येत नाही ते. चहा ओतणाऱ्याचे कान मोकळे असतात." आमानं एक श्वास भरून घेतला. मग माझ्याकडे वळली. "तो शब्द पुन्हा म्हण."

"वा."

"व्हा."

"वा, आमा. तोंड उघडं ठेवायचं."

तिनं दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात घोळवला, गाण्यातलं नवं अक्षर पारखावं तसा. मग ती स्टुलावरून उठली. तिची उंची बीहोंगच्या खांद्याएवढीच होती. तिनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांनी खाली ओढून घेतला, आणि ज्या दालनात कुणी कधी कुणाला काही म्हणत नव्हतं तिथं, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली,

"वा!"

बीहोंग रडायला लागली. तान-कूही रडायला लागली. ती तशी कशानंही रडायची. आमानं मात्र दोघींकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"पुरे आता. आणि हिच्या हातात चिपळ्या, मग चहा कोण ओतणार?"

मी किटली उचलली. पहिलाच पेला भरताना किटलीची चोच कडेला लागून चांगला खळकन आवाज झाला. आमानं नुसतं वळून पाहिलं, आणि मग पायानं ते बुटकं स्टूल माझ्याकडे सरकवलं.